उसनी गांडुळं

सोमवारी सकाळी माझी भट्टी नीट पेटलीही नव्हती, तोच आत्या आणि तिचे थोरले दीर भांडत भांडत माझ्या दारात येऊन उभे राहिले. दिरांच्या खांद्यावर नांगराचा फाळ होता, आत्याच्या हातात फावडं. दोघांनाही धार लावून हवी होती आणि दोघांनाही ती दुसऱ्याच्या आधी हवी होती.

मी लोहार. फाळ पाजवण्यावर माझं घर चालतं, त्यामुळे या भांडणात माझी बाजू कुठली असायला हवी हे शेंबडं पोरही सांगेल. पण फाळाची कट्टर वैरीण निघाली ती माझी सख्खी आत्या. माझ्यापेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठी, पण लहानपणी तिने माझा कान इतक्या वेळा पिळलाय, की अजून तिचा आवाज आला की माझा हात आपोआप कानाकडे जातो. तेव्हा मी आधी फावडं घेतलं.

"घे, तिचंच घे," दीर म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. शुक्रवारी तिच्या शेतात माझा नांगर फिरणार. फाळाला धार जरा चढी लाव, तीन वर्षांचं रान माजलंय तिथं."

"आधी गुरुवार तर उजाडू दे, भाऊजी," आत्या म्हणाली. "बाजारात तुरी, आणि तुम्ही आत्तापासून फोडणी घालताय."

या दिरांना सगळं गाव दोरीभाऊ म्हणतं. नांगरायच्या आधी हा माणूस शेताच्या दोन टोकांना खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो आणि मग नांगर धरतो. त्याच्या शेतातली ओळ म्हणजे ओळ. जेवताना ताटातल्या भाकऱ्यासुद्धा तो एकावर एक कडेला कड लावून ठेवतो. मनाने वाईट नाही, पण जगात जे जे वाकडं आहे ते आपल्याला चिडवायलाच वाकडं झालंय अशी त्याची समजूत आहे. आणि त्याच्या त्या आरशासारख्या शेताला लागूनच, रस्त्याच्या कडेला, आत्याचं शेत. त्यात मागच्या पिकाची धाटं आडवीतिडवी पडलेली, मधून वाटाण्याचे वेल, मोहरीची उंच टाळकी, कुठं काय आहे याचा पत्ता नाही. येणारेजाणारे विचारायचे, दोरीभाऊ, तुमच्या घरातलं हे शेत पडीक पडलं की काय? त्या दिवशी दोरीभाऊला जेवण जायचं नाही.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडे आमचा देश, पलीकडे त्यांचा. मधे पूल, पुलावर चौकी, चौकीत शिपाई. ओढ्यातल्या बेडकांना ही गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही, ते दोन्हीकडे ओरडतात. तीन वर्षांपूर्वी दोन्ही सरकारांनी लांब कुठंतरी बसून करार केला. हवा बिघडली, उन्हाळे लांबले, पाऊस वाटेल तेव्हा येतो आणि वाटेल तेव्हा जातो. तेव्हा दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी मिळून कार्बन शेती करायची. म्हणजे जमीन नांगरायची नाही, पीक कापलं की काडीकचरा तसाच वर पसरून ठेवायचा, जमीन उघडी म्हणून पडू द्यायची नाही. पिकं हवेतला कार्बन ओढतात, तो मुळांवाटे मातीत मुरतो. नांगर घातला की तो परत हवेत. साहेबांनी हे तक्ता लावून तासभर समजावलं. घरी येताना आत्या मला म्हणाली, पातेल्यावरचं झाकण सारखं उघडलं की वाफ जाते, एवढंच सांगायला या माणसाने तास घेतला.

करारात एक मेख होती. अलीकडचं एक शेत आणि पलीकडचं एक शेत, अशी जोडी. जोडीतला एक नापास झाला की दुसराही बाद. साहेब लोक याला सहकार्य म्हणतात. प्रत्येक जोडीला मिळून एक पेरणीयंत्र मिळालं, न नांगरता काडीकचऱ्यातून बी टोचणारं. पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. त्या यंत्राला पूल ओलांडायचा कायमचा पास आहे. माणसांना नाही.

आत्याचा जोडीदार म्हणजे पलीकडचा न्हावी. त्याचं दुकान तिकडच्या पुलाच्या टोकाला आणि शेत ओढ्याच्या काठाला. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. बुधवारी तो आपली पेटी घेऊन चौकीत येतो, शिपायाची दाढी करतो, आणि आमच्यातलेही दोघंचौघं तिथंच बाकावर बसून डोकं भादरून घेतात. तेवढ्या वेळात दोन्ही देशांच्या बातम्यांची देवाणघेवाण होते.

पास-नापास ठरवायला दरवर्षी मोजणीबाई येते. ती पलीकडच्या सरकारची, बरोबर आमच्याकडचा एक साहेब असतो, तो छत्री धरतो. बाई नळीने माती काढून प्रयोगशाळेत पाठवते ते वेगळं, पण जागच्या जागी जी परीक्षा होते ती गांडुळांची. शेतात तीन ठिकाणी लाल खुंट्या ठोकलेल्या आहेत. प्रत्येक खुंटीजवळ फावड्याने वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर खोल असा चौकोन काढायचा, माती पांढऱ्या कापडावर फोडायची आणि गांडुळं मोजायची. माती जिवंत असेल तर गांडूळ असतं, असा हिशेब. आत्याच्या शेतात पहिल्या वर्षी तीन खड्ड्यांत मिळून सात निघाली, दुसऱ्या वर्षी एकोणीस. यंदा तिसरं वर्ष, यंदा तीस निघायला हवीत.

तुलना म्हणून बाई शेजारचं नांगरलेलं शेतही खणते. ते दोरीभाऊचं. तिथं पहिल्या वर्षी दोन निघाली आणि दुसऱ्या वर्षी एक. तेही मेलेलं होतं, पण बाईने उदारपणे धरलं. न्हाव्याने ही बातमी पलीकडच्या गावात डोक्यागणिक पोचवली. तेव्हापासून दोरीभाऊ पुलाकडे तोंड करून उभासुद्धा राहत नाही.

पैज लागली ती यातूनच, आणि माझ्याच दारात. आत्याची तीस भरली नाहीत तर शुक्रवारी त्या शेतात दोरीभाऊचा नांगर, आणि पुढं ते शेत दोरीभाऊ सांगेल तसं चालणार. भरली, तर दोरीभाऊ हा फाळ मोडून त्याचं फावडं करून घेणार. आत्याचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, दोघंही मोठी माणसं आहात, तुमचं तुम्ही बघा, मी घाटात आहे. तो कायम घाटातच असतो.

धार लावून झाल्यावर आत्या मला ओढतच शेतावर घेऊन गेली. गुरुवारची रंगीत तालीम करायची होती. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, रस्त्यावरची धूळ गुडघ्यापर्यंत उडत होती. पहिल्या लाल खुंटीजवळ तिने पालापाचोळा बाजूला केला, मी फावडं घातलं, माती तिच्या पदरावर फोडली. दोन गांडुळं निघाली. दुसऱ्या खुंटीजवळ एक. तिसरीकडे जायची तिला हिंमत झाली नाही, ती बांधावरच बसली.

"उन्हाने खाली गेली असतील," मी म्हणालो.

"अरे, मागच्या आठवड्यात नुसता पाला सरकवला तरी वळवळायची." ती मातीकडे बघत राहिली. "त्या घरात भाजीत मीठ किती घालायचं एवढंच माझ्या मर्जीने होतं. बाकी सगळं दोरीत. या एका तुकड्यात मी म्हणेन ते झालं, तीन वर्षं. शुक्रवारी हेही गेलं म्हण."

आत्या रडणारी बाई नाही. पण आवाज बसला होता, आणि मला माझा फाळ, माझी भट्टी, सगळं त्या घटकेला फार क्षुद्र वाटलं. दुपारपर्यंत माझी ही भावना टिकली आणि आत्याची उदासी तेवढीही टिकली नाही. दुपारी ती पुन्हा माझ्या दारात. म्हणाली, न्हाव्याच्या शेतात ओल आहे, एका खड्ड्यात वीस-वीस निघतात. घरात साखर संपली तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो ना? मग तीस-पस्तीस गांडुळं उसनी घ्यायला काय हरकत आहे?

मी म्हणालो, "आत्या, ही लबाडी आहे."

"उसनवारी आहे. गुरुवार झाला की परत करीन."

हे नैतिकदृष्ट्या कुठं बसतं ते मला ठरवता येईना, पण तिचा हात माझ्या कानाच्या दिशेने निघालेला बघून मी ठरवणं सोडून दिलं.

अडचण एकच होती, ती पुलावरची. माती, बी, रोप आणि जनावर कागदाशिवाय पूल ओलांडणार नाही, अशी पाटीच आहे. ओढ्यावरून फेकावं म्हटलं तर चौकीतून सगळा ओढा दिसतो. मागे पलीकडून पोरांचा चेंडू आला तेव्हा शिपायाने त्या चेंडूचा पंचनामा केला होता. शिपाई लांबून बदलून आलेला, कामाला वाघ आणि डोक्याला तुळतुळीत. टोपी काढली की पुलावर उजेड पडतो. तेव्हा न्हाव्याशी फोनवर ठरलं असं, की बुधवारी त्याने साबणाच्या पत्र्याच्या डब्यात ओल्या मातीसकट गांडुळं आणायची, मी दाढीला बसायचं, आणि उठताना डबा माझ्या पिशवीत.

बुधवारी सगळं झकास चाललं होतं. शिपायाची अर्धी दाढी झाली होती, मी बाकावर नंबर लावून बसलो होतो. न्हावी तिकडच्या बाजारभावाबद्दल बोलत होता आणि बोलता बोलता त्याचा फेस संपला. शिपाई कामसू, त्याने स्वतःच पेटीतला डबा उचलून उघडला.

न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी थांबला. डब्यातली मात्र हलत होती.

"हे काय आहे?" शिपायाने विचारलं. अर्ध्या तोंडाला फेस असला तरी आवाज सरकारी होता.

माझं तर धाबं दणाणलं. न्हावी पापणीही न लववता म्हणाला, "औषध आहे साहेब. डोक्यावर केस येण्याचं. या लोहाराने मागवलंय."

शिपायाने माझ्या डोक्याकडे बघितलं. माझे केस म्हणजे जंगल आहे, कंगवा आत गेला तर संध्याकाळी बाहेर येतो. "याला कशाला?"

"म्हणून तर," न्हावी म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी याचं डोकं म्हणजे घासलेलं पातेलं होतं. आता मधेमधे थोडं लावत राहावं लागतं, एवढंच. विचारा त्याला."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? शिपायाने डबा नाकाशी नेला, वास घेतला, टोपी काढली, आपल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि टोपी परत घातली. मग पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, की नियमाप्रमाणे हा माल जप्त. नंतर आवाज खाली आणून त्याने विचारलं, की हे दिवसातून किती वेळा लावायचं.

न्हाव्यासारखा न्हावी, पण त्याचाही चेहरा पडला. "दोनदा," तो म्हणाला. "मातीसकट."

अशा रीतीने तेलही गेलं, तूपही गेलं. मी रिकामी पिशवी घेऊन परतलो. आत्याला सांगितलं तेव्हा ती आधी पाच मिनिटं हसली आणि मग गप्प झाली. म्हणाली, "जाऊ दे. होईल ते होईल. निदान कुणाचं तरी भलं होईल त्या गांडुळांनी." त्या संध्याकाळी ती दोरीभाऊशी भांडलीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

गुरुवारी मोजणीबाई आली. सकाळी तिने न्हाव्याचं शेत तपासलं होतं, तिथं तीन खड्ड्यांत अठ्ठावन्न. मोजणीच्या दिवशी जोडीदाराला पूल ओलांडायची परवानगी असते, त्यामुळे न्हावीही बरोबर आला होता. अर्धं गाव बांधावर जमलं. दोरीभाऊ धुतलेला सदरा घालून आला होता आणि मला त्याचा चेहरा जरा जास्तच प्रसन्न वाटला. बैल त्याने आदल्या दिवशीच धुऊन ठेवले होते.

खणायचं काम माझ्याकडे होतं. पहिली खुंटी, तीन. दुसरी, एक. तिसरी, दोन. बाईने आकडे लिहिले आणि मागच्या वर्षीचा कागद काढून शेजारी धरला. एकोणीसवरून सहा. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. न्हावी आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होता, कारण तोही तिच्याबरोबर बुडत होता. दोरीभाऊने घसा साफ केला आणि म्हणाला, की कुणाचं वाईट व्हावं असं त्याला कधी वाटलं नाही, पण शेवटी शेती ही शेती असते.

"आता तुमचं शेत बघू," बाई म्हणाली.

दोरीभाऊ मोठ्या ऐटीत पुढं झाला. आम्ही सगळे त्याच्या त्या साफसूफ शेतात उतरलो. कडक जमीन, वर एक काडी नाही. खुंटीजवळ मी फावडं घातलं, माती कापडावर फोडली आणि सगळ्यांनी वाकून बघितलं. गांडुळांचा एक गोळाच्या गोळा बाहेर पडला. अकरा.

गावात कुजबुज सुरू झाली. दोरीभाऊने पलीकडच्या न्हाव्याकडे असं बघितलं, की मागच्या वर्षीच्या सगळ्या डोक्यांची भरपाई झाली. नांगरलेल्या जमिनीतही जीव असतो, तो म्हणाला, फक्त बघणाऱ्याची नजर सरळ हवी.

मोजणीबाई मात्र कापडाजवळ उकिडवी बसली. एक गांडूळ तिने बोटावर घेतलं, त्याच्या अंगाला चिकटलेली माती चोळली. काळी, ओली, आणि तिच्यात कुजलेल्या धाटाचे तुकडे. मग तिने त्या उघड्याबोडक्या शेतावर नजर फिरवली. ती उठली, खुंटीपासून एक पाऊल चालली आणि मला म्हणाली, इथं खणा. तिथं शून्य. अजून एक पाऊल, शून्य. तिसऱ्या पावलाला तिने खाली काहीतरी पाहिलं, आणि मीही पाहिलं. जमिनीत बोटभर रुंदीचं एक बुजवलेलं भोक होतं. त्यापुढं तेवढ्याच अंतरावर दुसरं, त्यापुढं तिसरं. एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत, एका रेषेत. मी एक उकरलं, तीन गांडुळं. पुढचं उकरलं, तीन. त्याच्या पुढचं, तीन.

"दादा," मोजणीबाईने अगदी मऊ आवाजात विचारलं, "ही तुम्ही पेरली का?"

बांधावर जो हशा पिकला तो पलीकडच्या गावात ऐकू गेला असणार. चोरीचा माल माणूस कसाही पुरतो, घाईत पुरतो, कोपऱ्यात पुरतो. आमच्या दोरीभाऊने तो दोरी ताणून, पाऊल मोजून, तीन-तीनच्या हिशेबाने पुरला होता. वाकडं काम करतानाही त्याला वाकडं करता आलं नाही.

पुढचं सांगायची गरज राहिली नाही. आत्याने आपल्या शेतातल्या लाल खुंट्यांभोवतीचा पाला बाजूला करून दाखवला. माती सगळीकडे उकरून परत दाबलेली. पहाटे फिरायला जातो म्हणून दोरीभाऊ आठवडाभर डबा घेऊन हिच्याच शेतात जात होता. एका दगडात दोन पक्षी, तिची कमी आणि आपली जास्त. त्याने आता मान खाली घातली होती. सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत होता, दोन्ही अगदी सारख्या.

आत्याने पदर खोचला. तिच्या जिभेवर तीन वर्षांचं साठलेलं होतं आणि ऐकायला अर्धं गाव होतं. ती सुरुवात करणार, एवढ्यात रस्त्यावरून शिपाई आला. डोक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, फडक्यातून चिखलाचा ओघळ कानावर आलेला, हातात साबणाचा पत्र्याचा डबा.

"न्हावीदादा," तो म्हणाला, "औषध संपलं. ताईंच्या शेतातही मिळतं का, की पुन्हा पलीकडूनच मागवायचं?"

मोजणीबाईने त्याच्या हातातून डबा घेतला. तळाशी एक वाळकं गांडूळ चिकटलं होतं. तिने डब्याकडे बघितलं, न्हाव्याकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे आणि सरतेशेवटी आत्याकडे. आत्याने खोचलेला पदर हळूच सोडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आम्हा तिघांच्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. दोरीभाऊने एवढ्या वेळात प्रथमच मान वर केली. त्याला सगळं कळलं असावं. पण बोलायला तोंड कुणालाच राहिलं नव्हतं.

छत्रीवाले साहेब म्हणाले, की दोन्ही शेतं रद्द करून अहवाल पाठवू. मोजणीबाई म्हणाली, "वीस वर्षं मी ठिकठिकाणी ही मोजणी करते. गांडुळं लपवणारे बघितले, विकत आणणारे बघितले. पण एकाच घरातल्यांनी दोन दिशांनी पळवलेली पहिल्यांदाच बघते." मग ती आत्याला म्हणाली, की खुंट्यांजवळची मोजणी धरता येणार नाही, तिथं हात लागलाय. शेताच्या मधोमध, मी सांगेन तिथं, तीन नवे खड्डे. जे निघेल ते. तिने डोक्यावरची टोपी काढली, शेताकडे पाठ केली आणि खांद्यावरून मागे भिरकावली. टोपी पडली तिथं पहिला खड्डा.

अकरा निघाली. सगळी सुटी सुटी, आपापल्या बिळात.

टोपी पुन्हा उडाली. दुसऱ्या खड्ड्यात आठ. एकोणीस झाली. न्हावी बोटांवर मोजत होता, आणि मोजता मोजता त्याचे ओठ सुकले होते. आता अकरा हवीत. तिसऱ्यांदा टोपी बांधाजवळच्या जरा उंच, कोरड्या जागी पडली आणि आत्याने डोळे मिटून घेतले. मी फावडं घातलं. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात फाळाचा विचार नव्हता. माती कापडावर आली. बाई एकेक बाजूला ठेवत मोठ्याने मोजत गेली. सात, आठ, नऊ. जरा थांबून दहा. मग तिने माती पुन्हा चाळली, मुळ्या झटकल्या, आणि हात झाडले.

"दहा. एकूण एकोणतीस."

आत्या म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली, आणि खाली वाकून त्या दहांना परत खड्ड्यात सोडायला लागली.

"थांबा," दोरीभाऊ म्हणाला.

तो पुढं आला. कापडाच्या कडेला मुठीएवढं एक ढेकूळ पडलं होतं, ते त्याने उचललं आणि दोन अंगठ्यांनी मधोमध सरळ फोडलं. आत एक गांडूळ वेटोळं करून बसलं होतं. लांबलचक, गुलाबी, चांगलं वीतभर. त्याने ते तळहातावर घेऊन बाईसमोर धरलं.

"तीस आहेत," तो म्हणाला. "मोजायचं तर नीट मोजावं."

बाईने खोडून तीस लिहिलं. न्हाव्याने शिपायाला मिठी मारली आणि चिखलाने दोघांचेही कपडे खराब झाले. आत्या दोरीभाऊकडे बघत राहिली. तीन वर्षांचं साठलेलं सगळं तिने गिळलं असावं, कारण ती फक्त एवढंच म्हणाली, "भाऊजी, माझी उसनी नेलेली सावकाश परत करा. आणि रांगेत सोडू नका, ती बिचारी घाबरतात."

शिपाई अजून ते औषध लावतो. मागच्या बुधवारी त्याने टोपी काढून मला दोन केस दाखवले. मला एकच दिसला, पण मी दोन म्हणालो.

मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी भट्टी पेटवत होतो तेव्हा दोरीभाऊ एकटाच आला. खांद्यावर फाळ. सोमवारी मी लावलेली धार अजून कोरी होती. त्याने तो ऐरणीवर ठेवला, त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि बाकावर बसला. मला वाईट वाटलं. त्याच्यासाठी वाटलं आणि माझ्यासाठीही, कारण गावातला सगळ्यात जास्त पाजवायला येणारा फाळ तोच होता.

"कर फावडं," तो म्हणाला. "पण पातं सरळ ठेव. धाकटीच्या शेजारच्या पट्ट्यात यंदा मीही धाटं पसरून बघणार आहे. ती म्हणते तशी."

मी फाळ निखाऱ्यात सरकवला. लाल झाला तसा बाहेर काढून ठोकायला लागलो. दोनदा सपाट केला, तिसऱ्यांदा कड काढली आणि पाण्यात बुडवून त्याच्यासमोर धरला. त्याने खिशातून दोरी काढली, पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघितलं.

"डावीकडे गव्हाच्या दाण्याएवढं वाकडं आहे," तो म्हणाला. "पुन्हा तापव."